पाणपाळीचा गेणू आणि चाळीस गावांची लिस्ट

पिंपळदरा नावाच्या गावात पाण्याची एक टाकी होती, टाकीला नऊ व्हॉल्व्ह होते, आणि ते व्हॉल्व्ह फिरवायला एक भोळा पाणीवाला होता. त्याचं नाव गेणू. सांगितलेलं काम गेणू अगदी सांगितल्यासारखं करायचा. त्यात तो कधी कमी पडला नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

त्याच गावात कुंदाताई राहायच्या. हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायच्या. कोणत्या आळीला आधी पाणी, यावरून गावात रोज भांडणं व्हायची, म्हणून ताईंनी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव पाणपाळी. टाकीत पाणी किती, काल कोणाला कमी मिळालं, आज कोणाकडे लग्न आहे, हे सगळं बघून तो पाळी लावून द्यायचा. भांडणं थांबली असं नाही, पण आता बायका कॉम्प्युटरशी भांडायच्या. तो उलट बोलत नसल्यामुळे लवकर आटपायचं.

ताईंनी हा प्रोग्राम फुकट ठेवला. नुसता फुकट नाही, उघडा ठेवला. कोणीही न्यावा, आत डोकावून बघावं, आपल्या गावाच्या सोयीने बदलून घ्यावा आणि पुढच्या गावाला द्यावा. बघता बघता तो चाळीस गावांत गेला.

चाळीस गावं म्हटल्यावर चाळीस गावांच्या अडचणी आल्याच. त्यासाठी ताईंनी दोन मेलिंग लिस्ट काढल्या. लिस्ट म्हणजे एक पत्ता. त्या पत्त्यावर एकाने पत्र टाकलं की चाळीस गावांना पोचतं. पहिली लिस्ट मदतीची. अडलं की तिथे विचारायचं, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचं, आणि अडचण सुटली की कशी सुटली ते सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं. दुसरी लिस्ट घोषणांची. तिथे आलेलं वाचायचं आणि तसं करायचं. उलट विचारायची तिथे सोयच नव्हती.

मदतीच्या लिस्टवर उत्तरं द्यायला आधी शहरातली दोन हुशार माणसं होती. कोणी काही विचारलं की ती लिहायची, 'हे मागेच सांगितलं आहे. जुनी पत्रं वाचा.' गावोगावचे पाणीवाले बिचकले. हळूहळू कोणी काही विचारेनासं झालं. नेमकी त्याच सुमाराला एक कंपनी आपला विकतचा प्रोग्राम घेऊन तालुक्यात फिरू लागली, आणि पंचायत समितीने ठरवलं की सगळ्या गावांना एकच प्रोग्राम लावायचा. कोणता? तर ज्याची मदत चांगली, तो. ताईंची सहा वर्षांची मेहनत या एका लिस्टवर येऊन टेकली.

"मला न चिडणारा माणूस पाहिजे," ताई म्हणाल्या.

पिंपळदऱ्यात न चिडणारा माणूस एकच होता. ताईंनी त्याला टाकीखालच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि सांगितलं, "गेणू, एकही पत्र उत्तराशिवाय राहता कामा नये."

"कळलं ताई," गेणू म्हणाला.

पहिलं पत्र बोरदऱ्याच्या लहानूचं आलं. लहानू तिथला पाणीवाला. त्याने लिहिलं होतं, 'प्रोग्राम चालू होत नाही. कोणी तरी बघा.' बघा म्हटलं आहे म्हटल्यावर बघायला जायलाच हवं. गेणूने सायकल काढली आणि घाट चढून अकरा किलोमीटरवर बोरदऱ्याला गेला. कॉम्प्युटरची पिन निघाली होती. गेणूने ती बसवली, लहानूकडे चहा घेतला, मंडळींची विचारपूस केली आणि परत आला. इकडे लिस्टवर पत्रांचा ढीग पडला होता आणि पिंपळदऱ्यात एकाही आळीला पाणी सुटलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, "अरे गेणू, असं उठून धावत सुटायचं नसतं. बसल्या जागी आधी विचारायचं. आधी काय केलं होतं? काय व्हायला हवं होतं? त्याऐवजी काय झालं? आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का? एवढं विचारलं की अर्धी अडचण तिथेच सुटते."

"कळलं ताई," गेणू म्हणाला. दिवसभर तो व्हॉल्व्ह फिरवताना चारही प्रश्न घोकत होता.

दुसऱ्या दिवशी देवखोऱ्याच्या शांतारामचं पत्र आलं. 'कळवण्यास दुःख होते की आमचे वडील केरूतात्या काल सकाळी गेले. लिस्टवरच्या सगळ्यांवर त्यांचा फार जीव होता.'

केरूतात्या म्हणजे लिस्टवरचा सगळ्यात जुना माणूस. गेणूला वाईट वाटलं. आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून त्याने ताबडतोब उत्तर लिहिलं. 'पत्र मिळालं. जाण्याआधी तात्यांनी काय केलं होतं? काय व्हायला हवं होतं? त्याऐवजी काय झालं? आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का? सविस्तर कळवावे.'

शांताराम दुःखात होता. विचारलं तसं त्याने सांगितलं. 'चहा घेतला होता. बरं वाटायला हवं होतं. पुन्हा करून बघता आलेलं नाही.'

'माहितीबद्दल आभार,' गेणूने लिहिलं.

ताईंना तात्या वडिलांसारखे होते. पत्र वाचून त्या आधी रडल्या, मग गेणूकडे आल्या. "अरे, माणूस गेल्यावर असं विचारतात का? अशा वेळी लिहायचं, ऐकून फार वाईट वाटलं. देवाच्या मनात आलं त्यापुढे कोणाचं चालत नाही. धीर धरा. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

"कळलं ताई," गेणू म्हणाला. त्याने ते शब्द अगदी छान पाठ केले.

चार दिवसांनी धामणखोऱ्याच्या ग्रामसेवकांचं पत्र आलं. 'कळवण्यास आनंद होतो की आमच्या गावाने नेऊन ठेवलेली पाणपाळी आम्ही उद्यापासून प्रत्यक्ष वापरू लागणार आहोत.'

गेणूने लिहिलं, 'ऐकून फार वाईट वाटलं. देवाच्या मनात आलं त्यापुढे कोणाचं चालत नाही. धीर धरा. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत.'

ग्रामसेवकांनी पत्र दोनदा वाचलं. मग सरपंचांना दाखवलं. सरपंचांनी ग्रामसभा बोलावली. बनवणारेच असं म्हणतायत तर आत काही तरी असणार, यावर गावाचं एकमत झालं. शेवटी मारुतीपुढे नारळ फोडून, कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधून मगच त्यांनी प्रोग्राम चालू केला. तो पहिल्या झटक्यात नीट चालला. लिंबू-मिरची अजून आहे.

"अरे, नवीन कोणी आलं की हसून स्वागत करायचं असतं!" ताई म्हणाल्या. "या, आपलंच घर समजा, मोकळेपणाने लिहा, आणखी चार जणांना घेऊन या, असं लिहायचं."

"कळलं ताई."

आता तुम्ही म्हणाल, ताईंनी त्याला त्याच दिवशी का नाही उठवलं? मनात आलं होतं. पण एक गंमत झाली होती. मदतीच्या लिस्टवर लोक पुन्हा लिहू लागले होते. आपण कितीही वेडगळ विचारलं तरी इथला माणूस हसत नाही, रागावत नाही, आणि शहाणपणात आपल्यापुढे जात नाही, याचा चाळीस गावांच्या पाणीवाल्यांना मोठा धीर आला होता. ताईंनी हे पाहिलं आणि त्याला तिथेच बसू दिलं.

मग एक तेलवाला आला. 'टकलावर आठ दिवसांत केस. जगप्रसिद्ध तेल. त्वरा करा.' पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तो नवीन होता. गेणूने हसून लिहिलं, 'या, आपलंच घर समजा. मोकळेपणाने लिहा. आणखी चार जणांना घेऊन या.'

तेलवाला मनाचा मोठा निघाला. त्याने चारांवर भागवलं नाही. दुसऱ्या दिवशी लिस्टवर लॉटरीवाले आले, वशीकरणवाले आले, गुडघेदुखीचे पट्टे आले, घरबसल्या श्रीमंत करणारे आले. गेणू एकेकाचं स्वागत करत बसला. एकाही पाहुण्याचं पत्र उत्तराशिवाय राहिलं नाही. चाळीसांपैकी दोघांनी तेल मागवलंही. एकाला थोडा फरक वाटला म्हणतात.

पण त्या गर्दीत एका गावचं पत्र दबलं. 'टाकी भरून वाहते आहे, पाळी बदलत नाही, लवकर सांगा.' ते पत्र सापडेपर्यंत त्यांच्या शाळेच्या मैदानाचं तळं झालं होतं. ऐन उन्हाळ्यात एवढं पाणी वाया गेलं. बातमी तालुक्याला पोचली आणि कंपनीच्या माणसांनी ती मिठाईसारखी वाटली. या वेळी ताई रागावल्या नाहीत. त्या नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या, आणि ते गेणूला जास्त लागलं.

"ताई, काय करू ते सांगा," तो म्हणाला. "तसंच करतो."

"अनोळखी कोणी आलं की दारातच थोपवून धर," ताई म्हणाल्या. "कितीही गोड बोललं तरी पुढे सोडू नकोस. मी येऊन बघेन, मग ठरवू."

"कळलं ताई." या वेळी त्याने ते दोन्ही कान पकडून म्हटलं.

निवाड्याचा दिवस आला. कोणता प्रोग्राम घ्यायचा ते पंचायत समितीचे उगले साहेब ठरवणार होते. त्यांना भेटायला ताई सकाळीच एसटीने तालुक्याला गेल्या. पण उगले साहेब पक्के होते. न सांगता बघितलं तरच खरं दिसतं, असं त्यांचं मत. ते आपल्या इंजिनिअरला घेऊन जीपने थेट पिंपळदऱ्यात, टाकीखाली येऊन उभे राहिले.

"मदतीची लिस्ट इथूनच चालते ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," गेणू म्हणाला. "आपण कोण म्हणायचं?"

"आम्ही तालुक्याहून आलो. तुमचं काम फार ऐकलंय हो. जरा आत येऊन बघावं म्हटलं."

गेणूने त्यांना न्याहाळलं. अनोळखी होते. वर गोड बोलत होते. त्याने अदबीने शेजारच्या, पंपाच्या मोटारीच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाला, "या ना साहेब, बसा." दोघे आत गेले. गेणूने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"अहो, हे काय?" आतून साहेब ओरडले.

"ताई येऊन बघतील, मग ठरवू," गेणूने खिडकीतून सांगितलं. मग पाण्याचा तांब्या आणि दोन पेले आत दिले, कारण पाहुण्यांना थोपवायचं म्हणजे तहानलेलं ठेवायचं असं ताईंनी सांगितलं नव्हतं.

इंजिनिअरने पोलिसांना फोन लावायला घेतला. साहेबांनी त्याचा हात धरला. "थांब. आपण मदत तपासायलाच आलो ना? टाक लिस्टवर पत्र. बघू कोण येतंय."

इंजिनिअरच्या गावी पाणपाळीच होती, त्यामुळे तो लिस्टवर आधीपासून होता. त्याचं पत्र लगेच चाळीस गावांत गेलं. 'आम्ही दोघे जण पिंपळदऱ्याच्या टाकीखाली कोंडले गेलो आहोत. मदत करा.'

भिंतीपलीकडे गेणूच्या कॉम्प्युटरवर ते उमटलं. कोण बिचारे कोंडले असतील! पण उठून धावत सुटायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या मिनिटाला त्याने उत्तर दिलं. 'काळजी करू नका. आधी काय केलं होतं? काय व्हायला हवं होतं? त्याऐवजी काय झालं? आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का?'

इंजिनिअरने दात खात लिहिलं, 'जीपमधून उतरलो. चहा मिळायला हवा होता. दाराला बाहेरून कडी बसली. पुन्हा उतरणार नाही.'

हे बोरदऱ्यात लहानूने वाचलं. त्याने मोटारसायकलला लाथ मारली आणि घाट उतरून टाकीपाशी हजर झाला.

"गेणबा, आत कोण हायेत?"

"अनोळखी हायेत. ताईंनी बघितल्याबिगर सोडायचं न्हाई."

"आन मी?"

"तू वळखीचा," गेणू म्हणाला. "तुला कशाला थोपवू?"

लहानूने कडी काढली. उगले साहेब घामाने भिजून बाहेर आले. त्यांनी गेणूकडे पाहिलं, लहानूकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही कुठून आलात?" त्यांनी लहानूला विचारलं.

"बोरदऱ्यावरनं. पत्र वाचलं आन आलो. माझी पिन निघाली हुती तवा ह्यो गडी सायकलवर घाट चढून आला हुता, साहेब. मग मी न्हाई यायचं व्हय?"

साहेब तालुक्याला नाहीत हे कळल्यावर परत फिरलेल्या ताई तेवढ्यात धापा टाकत पोचल्या. उघडं दार, घामेजलेले साहेब आणि हातात रिकामा तांब्या घेतलेला गेणू, एवढं त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळं संपलं असं त्यांना वाटलं.

"बाई," साहेब म्हणाले, "त्या कंपनीला मी आठ महिने पत्रं घालतोय. उत्तर नाही. इथे दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं आणि तासाच्या आत शेजारच्या गावचा माणूस दारात उभा राहिला. हा माणूस मूर्ख आहे, पण तुमची लिस्ट मात्र खरी आहे. उद्या ऑर्डर पाठवतो."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

इकडे अडचण सुटली होती, तेव्हा कशी सुटली ते लिहून ठेवणं भागच होतं. गेणूने मदतीच्या लिस्टवर लिहिलं, 'अडचण सुटली. पंचायत समितीचे उगले साहेब, चष्मेवाले, अंगाने जाड, हे कोंडले गेले होते. कारण: कडी बाहेरून. उपाय: कडी काढणे.' चाळीस गावांनी ते मोठ्याने वाचलं. त्यांतलं एक गाव साहेबांची सासुरवाडी होतं.

साहेबांचा फोन आला तेव्हा ताईंनी तो कानापासून हातभर लांब धरून ऐकला. ऑर्डर ते फिरवणार नव्हते, कारण शब्दाचे पक्के होते. पण बाकी पुष्कळ काही बोलले.

ताई म्हणाल्या, "गेणू, आता हे शेवटचं. ज्यात कोणाची फजिती झाली असेल, त्यात नाव-गाव झाकायचं. कोण, कुठला, काही दिसता कामा नये."

"कळलं ताई," गेणू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर आली. तीत लिहिलं होतं, 'तालुक्याने पिंपळदऱ्याच्या कुंदाताईंचा पाणपाळी हा प्रोग्राम निवडला आहे. कंपनीचा प्रोग्राम नाकारण्यात आला आहे. निवडलेला सोडून दुसरा कोणताही प्रोग्राम गावात असल्यास तो आज संध्याकाळच्या आत कायमचा काढून टाकावा.'

ताईंनी ती वाचली, डोळ्यांना पदर लावला आणि कागद गेणूच्या हातात दिला. "ही घोषणांच्या लिस्टवर टाक बाबा. तुझ्या हातानेच जाऊ दे. मी देवखोऱ्याला शांतारामला सांगून येते, तात्यांना फार आनंद झाला असता. येताना पेढे आणते."

गेणूने कागद लक्ष देऊन वाचला. एक जण निवडला गेला होता आणि एकाला नाकारलं होतं. म्हणजे त्या नाकारलेल्याची फजिती झाली होती. त्याने कंपनीचं नाव झाकलं. मग त्याच्या मनात आलं, एकाचं नाव झाकायचं आणि दुसऱ्याचं मिरवायचं, हा पंक्तिप्रपंच झाला. त्याने पाणपाळीचं नाव झाकलं, ताईंचं झाकलं, गावाचंही झाकलं. मग चाळीस गावांना घोषणा गेली.

'तालुक्याने एका गावच्या एका बाईंचा किंवा एका कंपनीचा एक प्रोग्राम निवडला आहे. एक नाकारला आहे. नावे सांगता येत नाहीत. निवडलेला सोडून दुसरा कोणताही प्रोग्राम गावात असल्यास तो आज संध्याकाळच्या आत कायमचा काढून टाकावा.'

गावोगावी पाणीवाल्यांनी ते वाचलं. घोषणांच्या लिस्टवर उलट विचारायची सोय नव्हती. मदतीच्या लिस्टवर विचारावं, तर ताईंच्या जखमेवर मीठ चोळायला कोण जाणार? नाव झाकलंय म्हणजे आपल्याच ताई हरल्या, हे सगळे समजून चुकले. जिंकल्या असत्या तर झाकलं कशाला असतं? कोणी डोळे पुसले, कोणी कंपनीला शिव्या दिल्या. लहानूने तर साहेबांचा शब्द कानांनी ऐकला होता, पण त्या फजितीच्या पत्रावर साहेब फिरले असं समजून त्याने कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. संध्याकाळच्या आत चाळीसही गावांनी पाणपाळी कायमची काढून टाकली. धामणखोऱ्यात फक्त लिंबू-मिरची राहिली.

ताई पेढ्यांची पाटी घेऊन परतल्या. गेणू व्हॉल्व्हपाशी उभा होता, आणि आजूबाजूला नऊ आळ्यांच्या बायका हंडे घेऊन एकमेकींवर ओरडत होत्या.

"काय रे, पाळी कुठे गेली?" ताईंनी विचारलं आणि त्या ऑफिसात धावल्या. कॉम्प्युटर कोरा होता. जिथे प्रोग्राम जन्मला, तिथेही तो नव्हता.

"गेणू! इथला कोणी काढला?"

"मीच काढला ताई. घोषणा आली ना, सगळ्यांनी काढायचा म्हणून."

"अरे, ती घोषणा तूच लिहिलीस! कोणता प्रोग्राम निवडलाय ते तुला तर ठाऊक होतं!"

"ठाऊक व्हतं की," गेणू शांतपणे म्हणाला आणि त्याने पाटीतला एक पेढा उचलला. "पण घोषणेत कुठं व्हतं?"